मोटारीच्या पोटाखालचा गंज

मोटारगाडी विकत घेण्यास निघालेला गृहस्थ प्रथम तिचा रंग पाहतो, मग गाद्या दाबून पाहतो, मग झांकण उघडून इंजिनाकडे जाणत्याच्या मुद्रेनें पाहतो. गुडघे टेकून गाडीखालीं डोकावणारा ग्राहक शंभरांत एखादा. आणि तो बहुधा पूर्वीं एकदां फसलेला असतो. गाडी बनविणाऱ्यांनीं ग्राहकाची ही संवय फार लवकर ओळखली. मोटारीच्या जन्मापासून पाऊणशें वर्षेंपर्यंत रंगरोगणावर आणि झिलईवर जो पैसा खर्चीं पडला तो सारा डोळ्यांना दिसणाऱ्या बाजूवर. ज्या बाजूला चिखल, खडी, पाणी आणि मीठ ह्यांचा मारा सोसावा लागतो, ती बाजू काळ्या रंगाच्या एका पातळ हातावर सोडून दिलेली असे. गाडी खालून गंजली तर तो हवेचा दोष, रस्त्याचा दोष, फार तर मालकाच्या निष्काळजीपणाचा दोष. कारखानदाराचा मात्र नव्हे, अशी एकंदर समजूत होती. ही समजूत कशी मोडली, आणि ती मोडण्यास किती काळ व किती खटपट लागली, हा मोटारीच्या इतिहासांतील फारसा न सांगितला जाणारा भाग आहे.

लोखंड गंजतें म्हणजे काय होतें? खाणींतून लोखंड शुद्ध धातूच्या रूपांत निघत नाहीं. प्राणवायूशीं संयोग पावलेल्या तांबूस दगडमातीच्या रूपांत निघतें. भट्टींत कोळशाच्या साह्यानें तो प्राणवायु काढून टाकला म्हणजे धातु हातीं येतो. पुढें हवा आणि पाणी ह्यांची संगत मिळाली कीं तो पुन्हां आपल्या मूळ रूपाकडे वळूं लागतो. अगदीं कोरड्या हवेंत हें होत नाहीं, आणि उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यांतहि होत नाहीं. दोहोंची जोड लागते. केंब्रिज येथील यूलिक इव्हान्स ह्या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत एक साधा प्रयोग करून दाखविला. स्वच्छ घांसलेल्या पोलादी पत्र्यावर त्यानें मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवला, आणि झीज कोठें होते तें कळावें म्हणून त्या पाण्यांत रंग दाखविणारीं द्रव्यें घातलीं. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, तेव्हां लोखंड तेथेंच खाल्लें जाईल, असें कोणालाहि वाटावें. झालें उलट. कडेला गुलाबी छटा आली आणि लोखंड विरघळत असल्याची निळी खूण उमटली ती मध्यभागीं, म्हणजे जेथें हवा कमी पोंचते तेथें! थेंबाची कड आणि त्याचा मध्य ह्यांच्यामध्यें विजेचा एक चिमुकला घटच तयार होतो, आणि ज्या जागीं प्राणवायु कमी त्या जागचें लोखंड झिजत जातें. पाण्यांत मीठ असलें म्हणजे त्यांतून वीज सुलभतेनें वाहते, म्हणून हा व्यापार अधिकच जोरानें चालतो.

मोटारीच्या दृष्टीनें ह्या एका थेंबांत सगळें कांहीं आहे. गाडीच्या तळाला चिखलाचा गोळा चिकटून बसला, दोन पत्र्यांच्या सांध्यांत ओल शिरली, बंद पोकळींत पाणी सांचलें, कीं तेथें हवा कमी आणि ओलावा कायम. वाऱ्यावर उघडा असलेला भाग वरवर तांबडा होऊन राहतो. झांकलेला भाग आंतल्या आंत पोखरला जातो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा लागते. सांध्यांत शिरलेला गंज फुगतो, दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो, आणि नव्या पाण्याला वाट करून देतो.

विजेचा हा धागा इव्हान्सच्या शंभर वर्षें आधींच सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या हातीं लागला होता. तो मोटारींच्या नव्हे, जहाजांच्या संबंधांत. इंग्लंडच्या आरमारांतील लांकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असत व ते समुद्राच्या पाण्यानें झपाट्यानें झिजत. १८२४ मध्यें डेव्ही ह्यांनीं दाखवून दिलें कीं तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडून दिला तर झीज त्या तुकड्याची होते आणि तांबें शाबूत राहतें. 'सॅमरँग' नांवाच्या लढाऊ जहाजावर प्रयोग झाला. तांबें बचावलें खरें; पण पूर्वीं तांब्याच्या विषामुळें जे शिंपले आणि जें शेवाळ तळाला धरत नसे, तें आतां सुखानें वाढूं लागलें. जहाजाची चाल मंदावली आणि आरमारानें हा उपाय सोडून दिला. शास्त्र खरें ठरलें, व्यवहार मात्र फसला. तरीपण एक धातु वांचविण्यासाठीं दुसऱ्याचा बळी देतां येतो हें तत्त्व तेथून पुढें सर्वांना उपलब्ध झालें.

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती कथलाची, आंबट पदार्थ कळकूं नयेत म्हणून. लोखंडाला जस्ताची अशी कल्हई करतां येते हें फ्रान्समधील मालुआँ नांवाच्या रसायनज्ञानें १७४२ मध्यें तेथील विद्वत्सभेपुढें मांडलें होतें. परंतु त्याचा धंदा होण्यास सोरेल ह्याचें १८३७ चें पेटंट यावें लागलें. जस्ताची खुबी अशी कीं, मुलाम्याला ओरखडा पडून आंतलें लोखंड उघडें पडलें, तरी भोंवतालचें जस्त आधीं झिजतें आणि लोखंडाला संभाळून घेतें. कथील असें करीत नाहीं. त्याला ओरखडा पडला कीं उघड्या पाण्यापावसांत तें स्वतः बाजूला राहतें व लोखंड अधिकच वेगानें खाल्लें जातें. घरांवरील पांढरे पत्रे आणि पाण्याच्या बादल्या जस्ताच्या ह्या गुणावरच वर्षानुवर्षें टिकल्या. दुसरा उपाय शेंदराचा. मारुतीच्या मूर्तीला फांसतात तो शेंदूर म्हणजे शिशापासून केलेलें लाल भस्म. तेंच अळशीच्या तेलांत खलून लोखंडी पुलांना अस्तर म्हणून देत असत. स्कॉटलंडमध्यें १८९० सालीं खुला झालेला फोर्थचा अवाढव्य रेल्वेपूल ह्याच शेंदराच्या अस्तरावर उभा राहिला. शिशाचें विष रंगाऱ्यांच्या अंगीं भिनतें हें ध्यानीं आल्यावर पुढें हें द्रव्य मागें पडलें.

म्हणजे जहाजाला, पुलाला, छपराला आणि बादलीला जें संरक्षण मिळालें होतें, तें मोटारीला मिळालें नाहीं. ह्याचें एक कारण असें कीं आरंभींच्या मोटारीला त्याची तितकी गरजच भासली नाहीं. १९०० च्या सुमाराची मोटार म्हणजे घोडे काढून टाकलेली बग्गीच. खालीं जाड पोलादी तुळयांचा साटा, ज्याला कारखान्याच्या भाषेंत चासी म्हणतात. त्यावर सुतारानें घडविलेला लांकडी सांगाडा आणि त्यावर पत्रे. साट्याचें पोलाद इतकें जाड कीं गंजानें त्याचा एखादा पापुद्रा खाल्ला तरी कांहीं बिघडत नसे. शिवाय त्या काळचीं इंजिनें तेल गाळण्यांत मोठीं उदार होतीं. हें तेल धुळींत मिसळून सगळ्या तळाला लिंपलें जाई, आणि मालकाला नकळत गाडीला फुकटचा गंजरोधक लेप मिळे! फोर्डची टी जातीची गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच मिळे. तो काळा रंग डांबराच्या जातीचा व भट्टींत भाजून पक्का केलेला असे.

मग दोन फेरबदल झाले. १९१४ मध्यें अमेरिकेंतील डॉज कंपनीनें फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड ह्याच्याकडून संपूर्ण पोलादी पत्र्याच्या बॉड्या घेण्यास प्रारंभ केला, आणि सुताराचें काम संपलें. दुसरा फेरबदल अधिक खोल होता. इटलींतील लांचिया कंपनीनें १९२२ मध्यें 'लांब्दा' आणि फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें १९३४ मध्यें 'त्राक्स्यों आव्हां' ही गाडी बाजारांत आणली. ह्या गाड्यांना निराळा साटाच नव्हता. खेकड्याला जसा आंत हाडांचा सांगाडा नसतो, कवच हेंच त्याचें बळ असतें, तसें ह्या गाड्यांचें झालें. पातळ पत्रे दुमडून त्यांच्या लांबट पोकळ पेट्या करावयाच्या, त्या एकमेकींना विजेनें डाग देऊन जोडावयाच्या, आणि सगळा भार त्या पेट्यांनींच वाहावयाचा. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, वेगवान झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान मोटारींत ही रीत सर्वत्र रूढ झाली. पण ज्या पत्र्यावर आतां माणसांचा जीव अवलंबून होता त्याची जाडी एक मिलिमीटरच्याहि आंत होती. दारांखालचा उंबरठा, पुढच्या चाकांची बैठक, मागच्या कमानींचीं टोकें, ह्या सगळ्या पोकळ पेट्या; बाहेरून रंगविलेल्या आणि आंतून उघड्या. गंज तेथें आंतून आरंभ करी. बाहेरच्या रंगाला फोड येई तेव्हां पत्र्यांत पत्रा उरलेलाच नसे.

रंगाला पत्र्यावर घट्ट धरून ठेवण्याची एक विद्या ह्याच काळांत पुढें आली. बर्मिंगहॅमच्या कॉसलेट ह्यानें १९०६ मध्यें लोखंड फॉस्फरिक आम्लांत उकळून त्यावर फॉस्फेटचा करडा थर आणण्याचें पेटंट घेतलें, आणि १९१५ पासून डेट्रॉइटच्या पार्कर कंपनीनें त्याचा मोठा धंदा केला. येथें दिल्लीजवळच्या मेहरौलीच्या लोहस्तंभाची आठवण होणें स्वाभाविक आहे. गुप्तकालीन कारागिरांच्या त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण पुष्कळ आहे, आणि स्तंभाच्या अंगावर फॉस्फेटचें एक पातळ कवच आपोआप तयार होऊन त्यानें सुमारें सोळाशें वर्षें गंजाला थोपवून धरलें आहे, असें कानपूरच्या आय. आय. टी.तील आर. बालसुब्रमण्यम ह्यांच्या संशोधनानें दाखविलें. दिल्लीच्या कोरड्या हवेनेंहि साह्य केलें हें विसरतां येत नाहीं. तोच स्तंभ रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभा असता तर त्याची कथा कदाचित् निराळी झाली असती.

पातळ पत्रा आणि पोकळ पेटी हें संकट होतेंच. त्यांत थंड देशांनीं आपल्या हातानें मिठाची भर घातली. बर्फावरून चाकें घसरतात म्हणून पूर्वीं तेथें रस्त्यांवर वाळू किंवा राख पसरीत. मीठ टाकलें असतां बर्फ वितळतें, कारण खारें पाणी गोठण्यास अधिक थंडी लागते. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानानें १९३८ मध्यें रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत सगळ्या अमेरिकेंत रस्त्यांवर टाकलेलें मीठ अवघें ५,००० टन होतें. १९७० च्या सुमारास तोच आंकडा वर्षाला कोटी टनांच्या घरांत गेला. महामार्ग हिंवाळाभर मोकळे राहूं लागले, अपघात कमी झाले, व्यापार चालू राहिला. ह्या सोयीची किंमत मात्र गाड्यांचे तळ चुकवीत होते. उत्तरेकडील शहरांत तीनचार वर्षांच्या गाडीच्या जमिनीला भोंक पडून खालचा रस्ता दिसावा, ह्यांत कोणाला आश्चर्य वाटेनासें झालें.

जेथें कारखानदार लक्ष देत नाहीं तेथें दुसरा कोणी दुकान मांडतो. अमेरिकेंतील विक्रेते युद्धानंतर नव्या गाडीच्या पोटाला डांबराचा जाड लेप जादा पैसे घेऊन देऊं लागले. ह्या लेपानें खडीचा आवाज कमी होई, आणि गाडी भक्कम असल्याचा भास होई. पण डांबर कालांतरानें कडक होतें, तडकतें; तडींतून पाणी आंत शिरलें कीं पत्रा आणि लेप ह्यांच्यामध्यें तें अडकून पडतें, आणि मग इव्हान्सचा थेंब शंभर पटींनीं मोठा होतो. गंजलेल्या किंवा ओल्या पत्र्यावर दिलेला लेप तर केवळ रोग झांकणारें पांघरूण. डेट्रॉइटमध्यें राहणारा कुर्ट झीबार्ट नांवाचा मूळचा जर्मन कारागीर ह्याहून अधिक विचारानें कामाला लागला. १९५९ मध्यें त्यानें दुकान उघडलें. त्याची रीत अशी कीं बंद पेट्यांना बारीक भोंकें पाडावयाचीं, त्यांतून लांब नळीनें मेणासारखें न सुकणारें द्रव्य आंत चहूंकडे फवारावयाचें आणि भोंकांना बुचें लावावयाचीं. द्रव्य मऊ राहत असल्यामुळें तें फटींत सरकत जाई व तडकत नसे. मेण, तेल, मेंढीच्या लोकरींतून निघणारी चरबी, अशीं नाना द्रव्यें पुढें ह्या कामीं आलीं. ज्या जागीं गंज आरंभ करतो त्या जागेपर्यंत पोंचण्याचा हा पहिला पद्धतशीर यत्न. परंतु नवी कोरी गाडी घेऊन तिला लगेच पदरचे पैसे खर्चून भोंकें पाडून घ्यावीं लागावींत, ह्यांतच कांहींतरी चुकत आहे, हें ग्राहकांना हळूहळू उमगूं लागलें.

१९७० नंतरच्या दशकांत हा असंतोष उघड झाला. कॅनडांत गंजलेल्या फोर्ड गाड्यांच्या मालकांनीं संघटना करून नुकसानभरपाई मागितली. ब्रिटनमध्यें जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० पासून होती. आरंभीं तींत ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेंच पाहत. १९७७ पासून गाडीच्या बांधणीची अवस्थाहि पाहण्यांत येऊं लागली. तपासनीस खालून पत्र्यावर लहानशी हातोडी ठोकी आणि आवाजावरून निकाल देई. रंग कितीहि चकचकीत असो, उंबरठा पोकळ वाजला कीं गाडी नापास! सर्वांत मोठा बोभाटा झाला तो १९८० मध्यें लांचिया कंपनीच्या 'बेटा' गाडीचा. ज्या चौकटीवर इंजिन बसविलेलें असतें ती जेथें गाडीला जोडलेली असते, तेथेंच ह्या गाड्यांपैकीं कांहीं गंजून कमजोर झाल्या होत्या. वृत्तपत्रांनीं आणि दूरचित्रवाणीनें प्रकरण उचलून धरलें, आणि ब्रिटनमध्यें कंपनीला आपल्याच गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. साट्याविना गाडीची कल्पना ज्या घराण्यानें १९२२ मध्यें जगापुढें मांडली, त्याच घराण्याचें नांव गंजानें बुडावें, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. गाडीचे पुढील नमुने सुधारलेले होते. पण गेलेली पत पुन्हां आली नाहीं, आणि १९९४ मध्यें लांचियानें ब्रिटनची बाजारपेठ सोडली.

उपाय नव्हता असें मुळींच नाहीं. फोर्ड कंपनींतील जॉर्ज ब्रूअर ह्या रसायनज्ञानें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विजेनें रंग देण्याची रीत सिद्ध करण्यास घेतली होती. संपूर्ण बॉडी रंगाच्या प्रचंड हौदांत बुडवावयाची आणि विजेचा प्रवाह सोडावयाचा. रंगाचे कण ओढले जाऊन पत्र्याला चिकटतात. ज्या जागीं थर बसला ती जागा वीज अडविते, म्हणून पुढचा रंग आपोआप राहिलेल्या उघड्या जागांकडे, कोनाकोपऱ्यांत, पेट्यांच्या आंत जातो. १९६१ मध्यें प्रथम चाकें आणि १९६३ मध्यें संपूर्ण बॉड्या असे रंगविल्या गेल्या. त्या पहिल्या रीतींत पत्रा विजेच्या धन बाजूस जोडीत. त्यामुळें लोखंडाचा थोडा अंश विरघळून रंगांत उतरे व थराला कमीपणा येई. १९७६ पासून पत्रा ऋण बाजूस जोडण्याची रीत आली आणि हा दोष गेला. आठदहा वर्षांत बहुतेक मोठ्या कारखान्यांनीं ती उचलली. जस्ताचीहि पाळी आली. १९७५ मध्यें पोर्शे कंपनीनें आपल्या ९११ गाडीची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची करून सहा वर्षांची हमी दिली, आणि दहा वर्षांनंतर औडी कंपनीनें तोच मुलामा घरगुती वापराच्या मोठ्या गाडीला दिला. सोरेलच्या पेटंटापासून ह्या हमीपर्यंत १३८ वर्षें लोटलीं होतीं. बादलीला जें मिळालें तें मोटारीला मिळण्यास इतका अवधि लागावा, ह्याचें कारण शास्त्रांत शोधण्यांत अर्थ नाहीं. हमी लिहून देण्याची वेळ आली तेव्हां जस्त परवडूं लागलें, एवढेंच.

तरीपण दिसणाऱ्या बाजूचा मोह सुटला नाहीं. १९८१ मध्यें बेल्फास्टजवळच्या कारखान्यांतून डिलोरियन नांवाची गाडी बाहेर पडली. तिचें बाहेरचें अंग रंग न दिलेल्या, न गंजणाऱ्या पोलादाचें. लोक थांबून पाहत. पण खालचा साटा साध्याच पोलादाचा, वर लेप दिलेला. जेथें जेथें तो लेप टवका उडून निघाला तेथें तेथें साटा गंजूं लागला, आणि वरचें अंग मात्र जसेंच्या तसें! लँडरोव्हरची गोष्टहि अशीच. १९४८ मध्यें पोलादाच्या टंचाईमुळें तिला ॲल्युमिनियमचें अंग मिळालें. चांचणीसाठीं बनविलेल्या पहिल्या गाड्यांच्या साट्याला जस्ताचा मुलामा होता. पण विक्रीच्या गाड्यांना तो न देतां नुसता रंग दिला. पुढें कित्येक दशकें हौशी मालक जुना गंजका साटा टाकून जस्ताचा मुलामा दिलेला नवा साटा स्वखर्चानें बसवीत आले.

आणि हें प्रकरण विसाव्या शतकांत मिटलें असेंहि नाहीं. टोयोटा कंपनीच्या 'टकोमा' ह्या मालवाहू गाडीचे १९९५ ते २००० सालांतील साटे मिठाच्या रस्त्यांवर इतके गंजले कीं २००८ मध्यें कंपनीनें त्यांची हमी १५ वर्षांवर नेली, आणि अगदीं निकामी झालेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. साट्यांना गंजरोधक प्रक्रिया पुरेशी झाली नसावी असें कंपनीनेंच सांगितलें. नंतरच्या वर्षांतील गाड्यांवरून दावा झाला तो २०१६ मध्यें मिटला. त्यांत सुमारें पंधरा लाख वाहनांचा संबंध होता आणि तडजोडीची किंमत ३४० कोटि डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता.

मुंबईच्या रस्त्यांवर कोणी मीठ टाकीत नाहीं. तें काम समुद्र करतो. लाटांच्या तुषारांतील मीठ वाऱ्याबरोबर आंत येतें, किनाऱ्यालगत सर्वांत अधिक आणि आंत जावें तसतसें कमी. त्यांत चार महिने पाऊस. सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत जी फियाट ११०० गाडी तयार होऊं लागली व १९७४ पासून जिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें, ती साट्याविना बांधणीचीच. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईंत टिकली. ती टिकली ती तळाला पुनःपुन्हां पॅच मारून. भाड्यावर पोट असलेल्या चालकाला पावसाळ्यानंतर पत्रेवाल्याकडे गाडी उभी करावी लागे. तेवढ्या दिवसांची कमाई बुडे, आणि जुन्या गंजक्या कडेला डाग दिलेला नवा पत्रा दोनतीन पावसाळ्यांत पुन्हां त्याच कडेनें सुटे.

हल्लींच्या गाड्या कारखान्यांतूनच पुष्कळ संरक्षण घेऊन येतात. किनाऱ्यावरच्या मालकानें करावयाचें काम त्यामानानें थोडें आहे: वाळूंतून किंवा खाडीच्या पाण्यांतून गाडी नेली असतां तळ गोड्या पाण्यानें धुऊन काढणें, लेप द्यावयाचा तर तळ कोरडा व स्वच्छ असतांना देणें, आणि दारांच्या व उंबरठ्यांच्या खालच्या कडेला कारखान्यानें मुद्दाम ठेवलेलीं छिद्रें मोकळीं राखणें. आंत शिरलेलें पाणी बाहेर पडण्याचा तोच मार्ग असतो. पुष्कळ वेळां विकत घेतलेला काळा लेप फवारतांना हीं छिद्रें बुजवून टाकण्यांत येतात. उरलेलीं चिखलानें भरतात. साध्या काडीनें तीं उघडलीं कीं दारांतून वाटीभर तांबडें पाणी खालीं पडतें.